शाळेची पंगत, घरची पंगत



आज पंगतीत कुणी आडनाव पाहून बसलं नाही, तेव्हा मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. त्या मात्र सोवळं-ओवळं पाळत राहिल्या. पुढे स्वतः बाप्तिस्मा घेण्याआधीच त्यांनी जातिभेद सोडला, कुणाच्याही हातचं खाऊ लागल्या. ‘स्मृतिचित्रे’त ते आहे, जरूर वाचा. धर्म बदलण्याहून मला हे अवघड वाटतं, कारण जात चर्चमध्येही शिरते. आपल्या नर्सीच्या नामदेवांचे सोबती चोखोबा, त्यांची समाधीही पंढरपुरात महाद्वाराबाहेरच आहे.

आपल्या ग्रुपवर मुलांची स्थळं येतात, त्यात शिक्षणाआधी जात असते. शाळेची पंगत झाली, घरची राहिली. पुण्याला आलात तर माझ्याकडे जेवूनच जा. मीही येईन तुमच्याकडे, न बोलावता.