हरिण आणि रानमाशी : संरक्षणाचे अर्थशास्त्र



दुर्मीळ प्रजातींवरील प्रश्न परीक्षेत बहुधा पर्यावरणाच्या विभागात येतो. तो अर्थशास्त्रातही विचारला जावा, असे माझे मत आहे. अमेरिकेतील दोन प्राणी पाहा. 1973 च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याचे संरक्षण दोघांनाही आहे.

पहिला प्राणी ‘की’ हरिण. खांद्यापाशी उंची जेमतेम अडीच फूट. वास्तव्य केवळ फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील ‘कीज’ बेटांवर. 1950 च्या सुमारास शिकारीमुळे काही डझनच हरणे उरली होती. 1957 मध्ये तेथे राष्ट्रीय अभयारण्य झाले, रस्त्यावरील वाहनांना वेगमर्यादा आली आणि संख्या काही शेकड्यांवर पोहोचली. 2016 मध्ये स्क्रूवर्म माशीच्या अळ्यांमुळे शंभराहून अधिक हरणे दगावली, तेव्हा शासनाने प्रयोगशाळेत निर्बीज केलेल्या माश्या सोडून ती साथ संपविली. खर्च झाला; पण तो कोठे करावयाचा, हे ठाऊक होते.

दुसरा प्राणी ‘रस्टी पॅच्ड बंबल-बी’ ही पाठीवर तांबूस ठिपका असलेली केसाळ रानमाशी. पूर्वी ती 28 राज्यांत आढळे. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून वीसेक वर्षांत तिचे प्रमाण सुमारे 87 टक्क्यांनी घटले आणि 2017 मध्ये तिचा संकटग्रस्त सूचीत समावेश झाला. कुरणांचा ऱ्हास, कीटकनाशके, रोगजंतू, हवामानबदल अशी कारणे सांगितली जातात. त्यांत कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. फवारणीचा लाभ एका शेतकऱ्याला होतो, हानी मात्र पंचक्रोशीत विखुरते. यालाच आपण बाह्यपरिणाम म्हणतो. येथे कुंपण कोठे घालणार?

मोजणीही सोपी नाही. हरणे डोकी मोजून कळतात. या माशीच्या वसाहतीतील कामकरी माश्या हिवाळ्यापूर्वी मरतात, केवळ नव्या राण्या उरतात. म्हणून खरा हिशेब घरट्यांचा, आणि ती बहुधा जमिनीखालच्या उंदरांच्या जुन्या बिळांत असतात. तिच्यासाठी विशिष्ट अधिवास घोषित करणे उचित नाही, असा निर्णय 2020 मध्ये तेथील वन्यजीव खात्याने दिला होता; 2023 मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. 

आपल्याकडे हिमाचल प्रदेशातील सफरचंद बागायतदार फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. त्या भाड्याची नोंद बागेच्या खर्चात होते. त्याच फुलांवर येणाऱ्या रानमाश्या आणि भुंगे यांच्या कामाचा रकाना त्या वहीत नसतो.