ॲस्बेस्टॉसची धूळ आणि चाळीस वर्षांनी येणारा कर्करोग
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कारखान्यात यंत्रात हात सापडला तर त्याची नोंद त्याच दिवशी होते. जखम समोर असते, कारण समोर असते आणि साक्षीदारही असतात. धुळीमुळे होणाऱ्या रोगांचे तसे नसते. ॲस्बेस्टॉसच्या धुळीपासून होणारा कर्करोग तर ती धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यानंतर वीस, तीस, कित्येकदा चाळीस वर्षांनी प्रकट होतो. तोपर्यंत कामगार निवृत्त झालेला असतो, कारखाना कदाचित बंद पडलेला असतो आणि मुंबईत उमेदीची वर्षे घालविलेला माणूस कोकणातील किंवा घाटावरील आपल्या गावी परतलेला असतो. रोग गावात आणि त्याचे कारण शहरात, अशी ही ताटातूट आहे. ती कशी सांधावी, हा आजच्या विवेचनाचा मुख्य विषय होय.

ॲस्बेस्टॉस म्हणजे काय?

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नसून सहा तंतुमय खनिजांच्या समूहाचे नाव आहे. पांढरे, निळे आणि तपकिरी असे त्याचे तीन प्रकार व्यापारात विशेष प्रसिद्ध होते. हा दगड पिंजला असता त्याचे कापसासारखे तंतू निघतात. ते जळत नाहीत, कुजत नाहीत, आम्लाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत आणि उष्णता अडवून धरतात. या गुणांमुळे बॉयलर व वाफेच्या नळ्यांवरील वेष्टण, आगगाडीची इंजिने, जहाजे, मोटारींचे ब्रेक लायनर, गॅस्केट, अग्निरोधक कापड आणि छपराचे सिमेंटचे पत्रे अशा असंख्य ठिकाणी त्याचा वापर झाला. गेल्या शतकात मुंबईच्या उपनगरांत असे पत्रे व ब्रेक लायनर तयार करणारे कारखाने चालत असत. गोदीजवळच्या दारूखान्यात जुनी जहाजे तोडताना हेच वेष्टण हातांनी ओरबाडून काढले जाई.

जे गुण उद्योगाला सोयीचे, तेच शरीराला घातक ठरले. ॲस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरत जातो आणि केसाहून कितीतरी पटींनी बारीक होतो. असा तंतू डोळ्यांना दिसत नाही व हवेत दीर्घकाळ तरंगत राहतो. तो फुप्फुसात खोलवर पोहोचला, की शरीरातील भक्षक पेशी त्याला गिळू पाहतात. परंतु लांब तंतू त्यांच्या आवाक्यात मावत नाही. पेशी मरतात, तंतू तसाच राहतो आणि त्या जागी वर्षानुवर्षे दाह धुमसत राहतो. या दाहातून पेशींच्या आनुवंशिक द्रव्याला इजा होत जाते. कर्करोगाचे बीज पडते ते येथे.

तीन निरनिराळे रोग

पहिला रोग ॲस्बेस्टोसिस. हा कर्करोग नव्हे. यात फुप्फुसाचे मऊ ऊतक व्रणासारखे निबर होते आणि दम लागत जातो. इंग्लंडमधील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसचे सूत कातणाऱ्या नेली केर्शॉ या स्त्री-कामगाराचा १९२४ साली मृत्यू झाला. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी प्रसिद्ध केली आणि पुढे १९२७ मध्ये या रोगाला हे नाव मिळाले. ब्रिटनमध्ये त्या धंद्यासाठी धूळ-नियंत्रणाचे नियम १९३१ साली झाले.

दुसरा रोग फुप्फुसाचा कर्करोग. ॲस्बेस्टॉस कामगारांमध्ये त्याचे प्रमाण वाढलेले असते, हे रिचर्ड डॉल यांनी १९५५ साली दाखवून दिले. येथे विडी-सिगारेटचा संबंध फार मोठा आहे. अमेरिकेत १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, धूम्रपान न करणाऱ्या व ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या माणसाच्या तुलनेत या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका केवळ ॲस्बेस्टॉसमुळे सुमारे ५ पट, केवळ धूम्रपानामुळे सुमारे ११ पट आणि दोन्ही एकत्र आल्यास सुमारे ५३ पट आढळला. अर्थात, ज्याने पूर्वी असे काम केले आहे त्याने आज विडी सोडली तरी त्याचा लाभ आहेच.

तिसरा रोग मेसोथेलिओमा. हा फुप्फुसाच्या किंवा पोटातील इंद्रियांच्या पातळ आवरणाचा कर्करोग होय. धूम्रपानाशी त्याचा संबंध नाही. इतरत्र तो विरळ आढळतो आणि आढळला की ॲस्बेस्टॉसची शंका प्रथम घ्यावी लागते.

किंबर्लीच्या क्षयरुग्णालयातील धडा

मेसोथेलिओमाचे कारण कसे उमगले, ही हकीकत आपल्याकडील परिस्थितीला फार जवळची आहे. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे डॉ. स्लेग्ज हे क्षयरोगाच्या रुग्णालयात काम करीत होते. फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालेले रुग्ण त्यांच्याकडे क्षयाचे म्हणून येत. काही रुग्ण क्षयाच्या औषधांनी बरे होत, काही होत नसत. बरे न होणारे रुग्ण शहराच्या पश्चिमेकडील प्रदेशातून येतात, हे डॉ. स्लेग्ज यांच्या ध्यानात आले. निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी त्याच प्रदेशात होत्या. रोगनिदानतज्ज्ञ डॉ. वॅगनर यांनी १९५६ साली अशा एका मृताची तपासणी केली आणि तेथे क्षय नसून अर्बुद असल्याचे त्यांना दिसले. पुढे शल्यचिकित्सक डॉ. मार्चंड यांच्यासह या तिघांनी १९६० साली ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी कित्येक जण खाणकामगार नव्हतेच. लहानपणी ते खाणींच्या आसपास राहिले होते, एवढाच त्यांचा संबंध.

या शोधात मोठी यंत्रे नव्हती. रुग्ण कोठून आला आणि पूर्वी काय करीत होता, हा साधा प्रश्न चिकाटीने विचारला गेला आणि त्यातूनच कारण सापडले. १९६५ साली लंडनमध्ये झालेल्या पाहणीतही असेच दिसून आले. काही स्त्रियांनी कारखान्यात कधी पाऊल ठेवले नव्हते. घरातील कामगाराचे धुळीने माखलेले कपडे त्या धूत असत.

आपल्या देशातील स्थिती

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, पांढऱ्यासह, मानवी कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून गणले आहेत. कामाच्या ठिकाणी त्याच्याशी आलेल्या संपर्कामुळे जगात दर वर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात, असा त्या संघटनेचा अंदाज आहे. ब्रिटनने १९९९ साली पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली व युरोपीय संघात २००५ पासून सर्वत्र बंदी आहे. भारतात खाणींचे नवे पट्टे देणे १९८६ साली थांबले आणि १९९३ मध्ये जुन्यांचे नूतनीकरणही थांबले. तथापि पांढरे ॲस्बेस्टॉस परदेशांतून आयात होत राहिले व त्याचे पत्रे बनत राहिले.

कामगारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५ चा निर्णय. कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी, असा आदेश दिला. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने रोग प्रमाणित केलेल्या कामगारांना एक लाख रुपये भरपाई देण्याचेही त्यात फर्माविले. ४० वर्षांची ही मुदत रोगाच्या सुप्तावस्थेशी जुळणारी आहे, हे सहज लक्षात येईल.

परंतु नोंद कारखान्यात आणि माणूस गावात असेल, तर कागदाचा उपयोग व्हावा कसा? गावातील जाणत्यांचे कार्य येथूनच सुरू होते.

गावपातळीवर काय करता येईल?

गावी परतलेल्या कामगारांची यादी ग्रामपंचायत करू शकते. कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, कोणत्या साली काम केले, एवढी माहितीही पुरेशी आहे. पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचे कागद, राज्य कामगार विमा योजनेचे कार्ड, सेवा संपल्याचे पत्र हे कागद जपून ठेवण्यास त्यांना सांगावे. भरपाईच्या दाव्यात रोगाचे निदान आणि कामाचा पुरावा, दोन्ही लागतात. घरातील कर्ता माणूस गेल्यावर विधवेला हे कागद शोधणे किती अवघड जाते, हे तलाठी व ग्रामसेवक यांना ठाऊक आहेच.

अशा माणसाला दम लागू लागला, छातीत सतत दुखू लागले किंवा वजन घटू लागले, तर त्याने डॉक्टरांना आपले जुने काम न विचारता सांगावे. क्षयरोग आपल्याकडे फार अधिक प्रमाणात आढळतो; त्याची तपासणी प्रथम होणे योग्यच आहे. मात्र छातीत वरचेवर पाणी होत असेल आणि औषधांनी उतार पडत नसेल, तर ऊतकाचा तुकडा काढून तपासण्यासाठी रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठविले पाहिजे. मेसोथेलिओमा बरा होण्याची आशा आजही थोडी आहे. औषधोपचाराने काही महिन्यांचे, क्वचित काही वर्षांचे आयुष्य मिळते आणि वेदना निश्चित कमी करता येतात. योग्य निदानामुळे निरुपयोगी औषधे थांबतात व कुटुंबाच्या हक्काचा मार्ग मोकळा होतो.

शाळा, समाजमंदिरे व गोठे यांवरील सिमेंटचे जुने पत्रे हा दुसरा प्रश्न. अखंड पत्र्यातील तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. नुसत्या छपराने घाबरून जाण्याचे कारण नाही. पत्रा कापणे, भोके पाडणे, फोडणे, तारेच्या ब्रशाने घासणे यांमुळे धूळ सुटते. काढावाच लागला तर पत्रा पाण्याने भिजवून, न फोडता, अखंड उतरवावा आणि मुलांना दूर ठेवावे. तोंडाला बांधलेले उपरणे ही धूळ अडवू शकत नाही. पत्र्यांचे तुकडे शाळेच्या आवारात टाकू नयेत, जोत्यात किंवा रस्त्याच्या भरावात वापरू नयेत. विल्हेवाटीबाबत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाचा सल्ला घ्यावा. नव्या बांधकामासाठी दुसरे छप्पर निवडणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. कारण यापेक्षा कमी धूळ निर्धोक आहे, अशी मर्यादा कर्करोगाच्या बाबतीत कोणालाही दाखविता आलेली नाही.

आज श्वासात गेलेल्या धुळीचा हिशेब चाळीस वर्षांनी द्यावा लागणार आहे, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा हिशेब आज गावोगाव दारात येत आहे. पुढची धूळ थांबविण्यासाठी कायदा व पर्यायी छप्पर लागेल. मागच्या धुळीचे बळी ओळखण्यासाठी मात्र प्रत्येक गावात एक वही आणि एक प्रश्न पुरेसा आहे: "दादा, तुम्ही पूर्वी कोणते काम करीत होता?"