पायाखालची जमीन

(हीरक महोत्सवी वर्षातील क्रीडा पारितोषिक वितरण समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



क्रीडा समारंभात मुख्याध्यापिकेने जिद्द आणि खिलाडूवृत्ती यांवर चार शब्द सांगावेत, असा प्रघात आहे. आज मात्र मला खेळाडूच्या पायाखालच्या जमिनीविषयी बोलायचे आहे. तालमीतली माती आणि गादी यांत कुस्ती कशी बदलते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. परंतु जमिनीचा खेळावरील प्रभाव टेनिसइतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

टेनिसच्या चार सर्वोच्च स्पर्धा तीन प्रकारच्या कोर्टांवर होतात. विम्बल्डनला ८ मिलिमीटर उंचीवर कापलेली हिरवळ असते. पॅरिसच्या रोलाँ गारोसवर विटांच्या भुकटीचा एक-दोन मिलिमीटरचा तांबडा थर असतो. मेलबर्न आणि न्यूयॉर्क येथे कठीण पायावर वाळूमिश्रित ॲक्रिलिक रंगाचे थर दिलेले असतात. कोर्टाची लांबी-रुंदी तीच, जाळे तेच, नियमही तेच. तरी खेळ निराळा होतो.

याचे कारण चेंडू जमिनीला स्पर्श करतो त्या निमिषमात्रात दडलेले आहे. मातीवर घर्षण अधिक असल्याने चेंडूचा पुढे जाण्याचा वेग घटतो आणि तो उंच उसळतो. प्रतिस्पर्ध्याला तेथवर पोहोचण्यास अवधी मिळतो, फटक्यांची देवाणघेवाण लांबते, आणि गुण संयमाने रचावा लागतो. हिरवळीवर चेंडू घसरतो, खालून येतो. विचार पूर्ण होण्याआधीच तो निघून गेलेला असतो. तेथे जोरकस सर्व्हिसचे मोल वाढते. कठीण कोर्ट बहुधा या दोहोंच्या मध्ये असते. रंगातील वाळू जितकी भरड, तितके ते संथ. पावलेही बदलतात. मातीवर खेळाडू घसरत चेंडूपर्यंत जातो, हिरवळीवर मात्र त्याला छोटी, सावध पावले टाकावी लागतात.

जमीन किती निर्णायक ठरते, हे भारताने १९८७ साली अनुभवले. त्या वर्षी डेव्हिस चषकाच्या उपांत्य फेरीत विजय अमृतराज, रमेश कृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाला सिडनीच्या हिरवळीवर, त्यांच्याच घरी, ३-२ असे हरवले. अंतिम सामना स्वीडनमध्ये होता, आणि जमीन निवडण्याचा अधिकार यजमानांचा. त्यांनी गोथेनबर्गच्या बंदिस्त सभागृहात मातीचे कोर्ट घातले. भारत ०-५ असा पराभूत झाला. काही आठवड्यांत आपले खेळाडू खेळ विसरले होते काय? मुळीच नाही. स्वीडनचा संघ बलाढ्य होता हे खरेच. पण हिरवळीवर शोभणारा आपला हळुवार, नजाकतीचा खेळ त्या मातीवर निष्प्रभ ठरला.

दुसरे उदाहरण राफेल नदाल आणि रॉजर फेडरर यांचे. २००७ साली मायोर्का बेटावर या दोघांसाठी अर्धे मातीचे आणि अर्धे हिरवळीचे असे एक कोर्ट तयार करण्यात आले होते. बाजू बदलताना दोघे बूटही बदलत. त्या वेळी नदाल मातीवर सलग ७२ सामने अजिंक्य होता, तर फेडरर हिरवळीवर ४८. तो प्रदर्शनीय सामना नदालने अटीतटीने जिंकला. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढे घडले ते. विम्बल्डनचे दोन अंतिम सामने हरल्यानंतर २००८ मध्ये नदालने फेडररला त्याच्याच हिरवळीवर नमवले. पॅरिसला सलग तीन अंतिम सामने नदालकडून हरलेल्या फेडररने २००९ मध्ये तेथील विजेतेपद मिळवले. परकी जमीन दोघांनाही वश झाली, पण तिने आधी अनेक वर्षांची किंमत घेतली. पीट सॅम्प्रससारख्या सात वेळा विम्बल्डन जिंकणाऱ्या खेळाडूला तर पॅरिसचा अंतिम सामनाही कधी गाठता आला नाही. म्हणून त्याला कोणी सामान्य खेळाडू म्हणत नाही.

पालकहो, दरवर्षी प्रवेशाच्या वेळी आपण मला एक प्रश्न विचारता: महाराष्ट्राबाहेरच्या या शहरात मराठीतून शिकलेले मूल पुढे इंग्रजी माध्यमात टिकेल का? माझे उत्तर वरील उदाहरणांत आहे. मातीचे कोर्ट खेळाडूला वेळ देते. त्या वेळात तो पावले बसवतो, फटका घडवतो, डाव रचायला शिकतो. स्पेनमधील मातीवर घडलेला नदाल पुढे हिरवळीवर जिंकला, तो ही शिदोरी घेऊनच. मातृभाषा ही मुलाला असाच वेळ देणारी जमीन आहे. तिच्यावर विचार घाईने निसटत नाही. तो उसळून हाती येतो.

मात्र अकरावीचे पहिले काही महिने जड जातात, हे मी लपवणार नाही. प्रकाशाचे अपवर्तन उत्तम समजलेली मुलगी ‘रिफ्रॅक्शन’ हा शब्द कानी पडताच क्षणभर गप्प होते. ते तिचे अज्ञान नव्हे. चेंडू निराळ्या उंचीने आला, इतकेच. पहिल्या चाचणीचे गुण पाहून माध्यम चुकले असा निवाडा करू नका. तिला नव्या जमिनीवरची पावले शिकण्याइतका अवधी द्या.

हा अवधी सुसह्य करणे शाळेचेही कर्तव्य आहे. नववीपासून प्रत्येक पारिभाषिक शब्दाशेजारी त्याचा इंग्रजी प्रतिशब्द फळ्यावर लिहिला गेला पाहिजे. माजी विद्यार्थ्यांकडे माझे एक मागणे आहे. या हीरक महोत्सवात आपण देणग्या उदारपणे दिल्यात. आता अकरावीच्या पहिल्या सत्रात आठवड्यातला एक तास एका मुलासाठी द्या. तुम्ही ती जमीन ओलांडून गेला आहात. पाऊल कोठे घसरते आणि ते कसे सावरावे, हे त्यांना तुमच्याइतके कोण सांगू शकेल?

आजच्या सर्व विजेत्यांचे अभिनंदन करते. ज्यांना आज पारितोषिक मिळाले नाही, त्यांनाही सांगते, की हा निकाल एका दिवसाचा आणि एका मैदानाचा आहे. पुढे मैदाने पुष्कळ आहेत.