कानातला तोल
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



पडशाचा ताप उतरून आठवडा झालेला असतो. एका सकाळी माणूस अंथरुणातून उठू जातो, तो घर गरगर फिरू लागते. वांत्या थांबत नाहीत. आपल्या बीड जिल्ह्यात कोणी त्यास पित्त म्हणतो, कोणी बाहेरची बाधा समजून लिंबू उतरवितो. वस्तुतः दोष बहुधा आतल्या कानाकडील असतो.

कानाच्या आत अर्धवर्तुळाकार तीन नलिका आहेत. डोके वळताच त्यांतील द्रव हलतो व त्याची वार्ता मज्जातंतू मेंदूस पोहोचवितो. फुगडी थांबल्यावरही अंगण फिरताना भासते, ते हा द्रव अजून फिरत असतो म्हणून. दोन्ही कान म्हणजे बैलजोडीच होय. विषाणूमुळे एका बाजूचा तंतू सुजला, की एक बैल ढिला पडतो आणि गाडी त्याच्याच अंगाला ओढ खाते. ऐकू मात्र पूर्ववत येते. कानात थंड वा कोमट पाणी सोडून हा दोष ओळखण्याची रीत रॉबर्ट बाराणी यांनी घालून दिली. त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते!

पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, हे सांगणे नलगे. दोनतीन दिवसांत वांत्या ओसरतात आणि खरी चूक येथून पुढे घडते. घरची मंडळी मायेपोटी रोग्यास महिना महिना निजवून ठेवतात. चक्करेची गोळीही चालूच राहते. तंतू पुष्कळदा पुरता सुधारत नाही. मेंदू मात्र ढिल्या बैलासह गाडी हाकण्यास शिकतो, आणि डोके हलविल्यावाचून, पाऊल टाकल्यावाचून तो ते शिकत नाही. गोळी लांबली तर हे शिक्षण मंदावते. म्हणून रोग्यास आधार देऊन उठवावे. कॅलेंडरवरील एका तारखेवर नजर रोखून मान डावीउजवीकडे फिरवावी. मग अंगणात चालावे. थोडी चक्कर येईल, ती येऊ द्यावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात कॉथॉर्न व कूक्सी यांनी असेच व्यायाम बसविले.

परंतु उठणे निराळे आणि ऊसतोडीस जाणे निराळे. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे हे निव्वळ तोलाचे काम, तेही अनेकदा अंधारात. कानाने साथ सोडली, की डोळे व पाय यांचाच आधार उरतो. अंधारात आणि डगमगत्या फळीवर तोही जातो. चालता चालता मान वळविली तरी पाऊल चुकत नाही, असे होईतो त्या भगिनीस खाली मोळ्या बांधण्याचेच काम द्यावे. उचल फिटायची असता मुकादमास हे पटविणे सोपे नाही, हे मी जाणतो, तरी बोलावे.

चक्करेसोबत बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसले, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले वा आधाराने देखील उभे राहवेना, तर तो पक्षाघात असू शकतो. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तरीही थांबू नये. गावी असाल तर बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. फडावर असाल तर जवळचे सरकारी रुग्णालय, आणि तेही त्याच घटकेस.