शहराचा नकाशा आणि नागरिकांचे मौन

(एका नगरपरिषद क्षेत्रातील व्याख्यानमालेत निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘विकास आराखडा’ असे उत्तर दिले. ते ऐकून त्यांचा चेहरा किंचित उतरला. विषय रुक्ष आहे, हे मलाही मान्य आहे. पण ज्या नकाशावर आपल्या नातवंडांनी कोठे खेळायचे, पावसाचे पाणी कोठून वाहायचे आणि आपल्या घरासमोर दवाखाना येणार की मंगल कार्यालय हे ठरते, तो नकाशा आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिला आहे? हात वर करा असे मी म्हणत नाही. कारण तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न कोणी मला विचारला असता, तर माझाही हात खालीच राहिला असता.

नगररचना हा पाश्चात्त्यांकडून उसना घेतलेला विचार आहे, असा एक समज आढळतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात दुर्गनिवेश नावाचे प्रकरण आहे. पूर्व-पश्चिम तीन आणि दक्षिणोत्तर तीन राजमार्ग, बारा द्वारे, कोणत्या व्यवसायाची वस्ती नगराच्या कोणत्या भागात असावी, याचे तपशीलवार विवेचन तेथे सापडते. त्याहून महत्त्वाचे वाटते ते तिसऱ्या अधिकरणातील गृहवास्तूचे प्रकरण. शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर सोडावे, सांडपाण्याची वाट कोठून काढावी, याचे नियम त्यात आहेत. वास्तूविषयीचे तंटे शेजाऱ्यांच्या साक्षीवरून सोडवावेत, असेही तेथे सांगितले आहे. जमीन एकाची असली तरी तिच्या वापराचे परिणाम शेजाऱ्याला भोगावे लागतात, म्हणून त्याचा शब्द ऐकलाच पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे इतके जुने आहे.

कायद्याने दिलेली संधी

आजच्या कायद्यातही हे तत्त्व आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. तिच्यात नागरी स्वराज्य संस्थांसाठी १८ विषय दिले आहेत. त्यातील पहिला विषय नगररचनेसह नागरी नियोजन हा, तर दुसरा जमिनीच्या वापराचे आणि इमारतींच्या बांधकामाचे नियमन हा आहे. दिवाबत्ती आणि कचरा यांचे क्रमांक त्यानंतर येतात. आपण मात्र नगरसेवकाला दिव्यासाठी दूरध्वनी करतो, आराखड्याविषयी कधी विचारत नाही.

आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याप्रमाणे चालते. प्रथम जमिनीच्या विद्यमान वापराचे सर्वेक्षण होते, मग प्रारूप आराखडा तयार होतो. राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत सूचना देऊन तो जनतेच्या अवलोकनासाठी ठेवला जातो आणि हरकती व सूचना मागविल्या जातात. ही मुदत साधारणपणे ३० दिवसांची असते. हरकतींची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. त्या समितीत स्थानिक संस्थेचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. त्यानंतर आराखडा शासनाकडे मंजुरीसाठी जातो. एकदा मंजूर झालेल्या आराखड्याची सुधारणा वीस वर्षांतून किमान एकदा व्हावी, असे कायदा सांगतो.

म्हणजे काय झाले? वीस वर्षांचे भवितव्य ठरविण्यासाठी सामान्य नागरिकाला तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत जो बोलला नाही, त्याची संमती गृहीत धरली जाते.

माझे मौन

आता माझीच गोष्ट सांगतो. आमच्या गावाचा प्रारूप आराखडा लागला तेव्हा मीही तो पाहायला गेलो होतो. भिंतीवर मोठा नकाशा टांगलेला होता. पिवळा रंग निवासी, हिरवा शेतीचा आणि मोकळ्या जागांचा, एवढेच मला समजले. मी माझा सिटी सर्व्हे नंबर शोधला. रस्तारुंदीची रेघ माझ्या कुंपणाला स्पर्श न करता गेली होती. मी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि घरी परतलो. कार्यालयात मी जेमतेम दहा मिनिटे होतो.

त्याच नकाशावर आमच्या शाळेच्या मागील एका शेतजमिनीवर ‘खेळाचे मैदान’ असे आरक्षण होते. शाळेला स्वतःचे पुरेसे मैदान नव्हते. त्या जमिनीचे मालक सज्जन होते. मुलांना तेथे खो-खो, कबड्डी खेळायला ते आनंदाने परवानगी देत. आराखडा मंजूर झाला, आरक्षण कायम राहिले आणि आम्ही सारे निश्चिंत झालो. मैदान नकाशावर आहे म्हणजे ते आपले झाले, असे आम्हाला वाटले.

नकाशावरील आरक्षण ही निव्वळ एक चिठ्ठी असते. जमीन ताब्यात घेतल्याशिवाय मैदान होत नाही. कायद्याच्या कलम १२७ अन्वये, अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही आणि संपादनाची कार्यवाहीही सुरू झाली नाही, तर मालकाला खरेदीची नोटीस देता येते. त्यानंतर ठरावीक मुदतीत संस्थेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, पुढे बारा महिने झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती चोवीस महिने आहे. पावले म्हणजे केवळ ठराव किंवा पत्रव्यवहार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आमच्याकडे नेमके हेच घडले. दहा वर्षे उलटली, मालकांनी नोटीस दिली, कार्यालयातून पत्रे जात-येत राहिली, मुदत संपली आणि आरक्षण गेले. आज तेथे इमारती उभ्या आहेत आणि मुले रस्त्यावर खेळतात.

दोष कोणाला द्यावा? मालकांना तर मुळीच नाही. दहा वर्षे त्यांना ती जमीन विकता आली नाही, तिच्यावर बांधता आले नाही आणि मोबदलाही मिळाला नाही. मुलींच्या लग्नांना त्यांना कर्ज काढावे लागले. त्यांच्यावरचा अन्याय आम्हाला दिसलाच नाही, कारण फुकट मिळालेले मैदान आम्हाला सोयीचे होते. दोष नगरपरिषदेचा होता, तसाच माझाही होता. मी मुख्याध्यापक होतो. दरवर्षी अंदाजपत्रक मांडले जात होते. या मैदानासाठी किती तरतूद केली, रोख रकमेऐवजी विकास हक्कांच्या रूपाने मोबदला देता येईल काय, असा एक साधा अर्ज मी दहा वर्षांत केला नाही. मुलांना मी नागरिकशास्त्र शिकवीत होतो, हे आठवले की आजही मान खाली जाते.

‘आपला माणूस’

दुसरा प्रसंग अधिक अवघड आहे. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करण्याची तरतूद कलम ३७ मध्ये आहे. त्यासाठीही सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि शासनाची मंजुरी घ्यावी लागते. आमच्या ओढ्याकाठचा हरित पट्टा निवासी करण्याचा, लोक ज्याला ‘ग्रीन झोनचा यलो झोन’ म्हणतात तसा, प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे आला. ज्यांची जमीन होती ते गृहस्थ आपल्याच परिवारातले होते. प्रत्येक सत्कार्याला त्यांचा हात सैल असे. आमच्यातील बहुतेकांनी मान वळविली. ‘दुसरा कोणी असता तर आपण बोललो असतो, पण हे आपले आहेत,’ असे मलाही एकाने सांगितले.

सज्जनहो, सार्वजनिक जीवनाची खरी परीक्षा येथे होते. परक्याच्या अन्यायावर बोलायला धैर्य लागत नाही. आपल्या माणसाच्या लाभासाठी ओढ्याची वाट अडत असेल आणि आपण गप्प बसलो, तर आपल्या निष्ठेला गटबाजीपेक्षा वेगळे नाव देता येणार नाही.

या वेळी मी गप्प बसलो नाही. आधी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, ‘दादा, हरकत देणार आहे, ती पाठीमागून येऊ नये म्हणून तुम्हाला प्रथम सांगायला आलो.’ त्यांनी चहा दिला, पण उत्तर दिले नाही. मग वस्तीतील लोकांसह आम्ही लेखी हरकत दिली. तिच्यात आरोप नव्हता, फक्त पूर्वीच्या पावसाळ्यांत पाणी कोठपर्यंत आले त्याच्या खुणा, छायाचित्रे आणि घरांचे क्रमांक होते. प्रस्ताव बारगळला. दादा दोन वर्षे माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या पावसाळ्यात ओढा फुगला, पाणी त्याच पट्ट्यात पसरले आणि वस्ती वाचली. ते त्यावर काही म्हणाले नाहीत. त्या दिवाळीला मात्र त्यांच्याकडून फराळाचे ताट आले.

प्रश्न सर्वत्र आहे

हा केवळ आमच्या गावाचा अनुभव नाही. पुण्यात प्रभात रस्त्यावर प्राथमिक शाळेसाठी आरक्षित असलेल्या भूखंडावर आरक्षण हलवून खासगी इमारत उभी राहिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली त्याविरुद्ध निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तो कायम केला. बंगळूरुमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली त्यांचे म्हणणे मान्य केले आणि उद्यान हिरावले जाते तेव्हा दाद मागण्याचा त्या परिसरातील रहिवाशांना हक्क आहे, हेही सांगितले. पण पुण्यातील निकालाची वर्षे पाहा. उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत बारा वर्षे गेली. तेवढ्यात पहिलीतला मुलगा बारावीच्या पुढे जातो. म्हणून न्यायालय हा शेवटचा उपाय मानावा. पहिला उपाय ३० दिवसांतील हरकत हाच.

नागरिकांची चिंता नेहमी एकाच बाजूची नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. चिपळूणचे उदाहरण पाहा. जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ च्या महापुरांनी त्या शहराला बुडविले. पूररेषेची निळी व लाल रेघ आखली की नदीकाठच्या बांधकामांवर निर्बंध येतात. जीव वाचविण्यासाठी ती रेघ हवीच. पण जुन्या पेठेत ज्यांची घरे-दुकाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना पुनर्बांधणी करता येईल की नाही, ही चिंताही खोटी नाही. तेथील नागरिकांनी वाशिष्ठी व शिव नद्यांतील गाळ काढण्याची मागणी लावून धरली, ती यामुळेच. निर्बंध आणि उपाय यांची मागणी एकत्र केली तरच ती न्याय्य ठरते.

आपण काय करावे?

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्यापूर्वी अनेक ठिकाणी दीर्घकाळ प्रशासक होते. आता सभागृहे पुन्हा भरू लागली आहेत आणि प्रश्न विचारण्यासाठी समोर माणूस आहे. तेव्हा काही साध्या गोष्टी सुचवितो.

प्रत्येक प्रभागातील दोन-चार जणांनी मंजूर आराखड्याची प्रत मिळवावी. आपल्या परिसरातील आरक्षणांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे आराखडा अमलात आल्याची तारीख लिहावी, म्हणजे दहावे वर्ष कधी येते ते कळेल. जागा विकत घेणाऱ्याने सातबाऱ्यावर न थांबता झोन दाखला व भाग नकाशा मागावा. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आणि इतिवृत्त पाहावे. ते न मिळाल्यास २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी, सुनावणीला स्वतः उपस्थित राहावे. अंदाजपत्रकापूर्वी मैदान, बाजार, स्मशानभूमी यांच्या संपादनासाठी तरतूद मागावी आणि जमीनमालकाला योग्य मोबदला मिळावा, हीही आपलीच मागणी मानावी.

यात कोठेही मोर्चा नाही, घोषणा नाही. वृत्तपत्रात छायाचित्रही येणार नाही. वर्षातून चार-सहा संध्याकाळी कार्यालयाच्या बाकावर बसण्याची तयारी मात्र हवी. आपण देशासाठी बलिदान केलेल्यांच्या कथा मुलांना सांगतो, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. पण त्याच मुलांना खेळायला जागा राहावी म्हणून एक अर्ज लिहिण्याचा कंटाळा आपण करू लागलो, तर त्या कथा ऐकून ती काय शिकतील?

माझ्या शाळेमागचे मैदान आता परत येणार नाही. तुमच्या गावातील एखादे अजून नकाशावर शिल्लक असेल. उद्या सकाळी नगरपरिषदेत जाऊन त्याचे दहावे वर्ष कोणते ते पाहून या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.