दोष सांगणारा परीक्षक



व्याख्यानमालेसाठी मी दूरचित्रवाणीवरील स्पर्धांचा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु गाणे, नाच, स्वयंपाक यांतले चांगले काय आणि कच्चे काय, हे आपल्या घरातली मुले आज बरेचसे या स्पर्धा पाहूनच ठरवतात. म्हणून तिथला परीक्षक काय बोलतो याकडे लक्ष द्यायला हवे. माझे म्हणणे थोडक्यात असे : कामातला दोष नीट दाखवून देणे म्हणजे काम करणाऱ्याचा मान राखणे होय.

१९९५ साली झी वाहिनीवर 'सा रे ग म' सुरू झाले. सोनू निगम निवेदन करीत आणि संगीतातली जाणती माणसे गुण देत. पुढे अशा स्पर्धांत प्रेक्षकांची मते आली. २००८-०९ मध्ये मराठी 'लिट्ल चॅम्प्स'ने तर घराघरांत वेड लावले. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. त्या मुलांनी फार आनंद दिला, यात शंका नाही. मात्र प्रेक्षकांच्या मतांवरून कोण आवडले एवढेच कळते. कोणाचा स्वर कुठे ढळला आणि का ढळला, हे सांगायला जाणकारच लागतो. तो जाणकारही टाळ्यांच्या लाटेत सामील झाला, तर गाणाऱ्याला शिकवणार कोण?

आता हातकामाच्या स्पर्धेकडे वळू. इंग्लंडमध्ये २०१० पासून केक-पाव भाजणाऱ्या हौशी लोकांची एक स्पर्धा दाखवली जाते, 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'. तिच्या एका फेरीत सर्वांना एकच पदार्थ करायला देतात आणि कोणता कोणाचा हे परीक्षकांना ठाऊक नसते. ते कापतात, चाखतात आणि सांगतात : हा आत कच्चा आहे, याचे पीठ पुरेसे फुगलेले नाही. समोर ठेवलेल्या वस्तूकडे पाहून केलेले हे बोलणे असते. करणाऱ्याचा चेहरा, त्याची परिस्थिती, त्याचे अश्रू हे काही त्या क्षणी मध्ये येत नाही.

ही रीत आपल्याला परकी नाही. आपल्याच जिल्ह्यात वारासिवनीला हातमागावर साड्या विणल्या जातात. धोट्याने आडवा धागा टाकल्यावर फणीचा ठोका एकसारखा बसला नाही, तर कापड कुठे दाट, कुठे विरळ होते. साडी उजेडासमोर धरली की ते लपत नाही. 'छान झाली आहे' असे म्हणून ती घडी घालून ठेवणारा विणकराचा मित्र नव्हे. उजेडासमोर धरून 'इथे ठोका हलका पडला' असे सांगणारा खरा मित्र. कारण पुढची साडी त्याच्यामुळे सुधारते.

यावरून प्रामाणिक टीकेच्या तीन खुणा सांगता येतील. ती कामाविषयी बोलते, माणसाविषयी नाही. ती दोषाचे कारण सांगते. आणि पुढच्या वेळी काय करावे, तेही सांगते. काही परीक्षक कॅमेऱ्यासमोर स्पर्धकाला टाकून बोलतात आणि त्यालाच स्पष्टवक्तेपणा समजतात. पण अपमानातून कोणी ठोका सारखा द्यायला शिकत नाही. खोटी स्तुती आणि तो अपमान, दोन्ही प्रेक्षकांसाठीच असतात.

मराठी रंगभूमीवरचे एक उदाहरण देतो. पुण्याची महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा घेते. २०२२ साली त्या तोडीची एकही एकांकिका नाही, असे परीक्षकांना वाटले आणि करंडक कोणालाच दिला गेला नाही. मोठा वाद झाला. तरुण मुलांना उत्तेजन द्यायला हवे होते, असे अनेकांनी म्हटले. त्या म्हणण्यातली कळकळ मी नाकारत नाही. मुलांना वाईट वाटले असणारच. पण ज्यांनी तो करंडक आधी मिळवला आणि जे पुढे मिळवतील, त्यांच्या हातातल्या करंडकाची किंमत त्या निर्णयाने राखली. दूरचित्रवाणीवर असे घडणे अवघड. महाअंतिम सोहळ्याची तारीख ठरलेली, प्रायोजक ठरलेले, तेव्हा विजेता हवाच.

आता आपल्याविषयी. १९५६ पर्यंत बालाघाटची राजधानी नागपूर होती. मग राज्य बदलले, शाळा हिंदीच्या झाल्या, तरी आपल्या घरांत मराठी टिकली. त्यामुळे स्नेहसंमेलनात एखाद्या मुलीने चार वाक्ये मराठीत म्हटली की आपल्याला भरून येते. आपण टाळ्या वाजवतो, बक्षीस देतो. तिने 'ळ'चा 'ल' केला, क्रियापद हिंदी वळणाने लावले, ते कोणी सांगत नाही. आपल्याला वाटते, एवढे बोलते हेच खूप. पण याचा अर्थ असा होतो की, तिच्याकडून याहून अधिकाची आपल्याला अपेक्षाच नाही. अशाने दोन पिढ्यांनी मराठी फक्त संमेलनात टाळ्या घेण्यापुरती उरेल.

म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. यंदा रांगोळी, गायन, वक्तृत्व, पाककृती, जी कोणती स्पर्धा घ्याल, तिच्यात निकालानंतर परीक्षकाने प्रत्येक स्पर्धकाजवळ पाच मिनिटे बसावे. माईक नको, व्यासपीठ नको. काय साधले ते सांगावे, एक दोष दाखवावा आणि तो काढण्याचा एक उपाय सांगावा. आईवडिलांनी तेव्हा 'लहान आहे हो' म्हणून मध्ये पडू नये. पुढच्या वर्षी तीच मुले परत आली, की केलेली सुधारणा त्यांच्या कामातच दिसेल.

या व्याख्यानातले दोषही आपण मोकळेपणाने सांगावेत.