मॅरेथॉन पाहायची तर लोकलने

मुंबई मॅरेथॉन 2004 पासून जानेवारीत, रविवारी पहाटे होते. भंडारा जिल्ह्यातून ती पाहायला जायचे तर शुक्रवारी दुपारी वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर विदर्भ एक्स्प्रेस पकडावी. शनिवारी सकाळी ती थेट सीएसएमटीला उतरवते. पण तिथेच, प्रारंभाच्या गर्दीत उभे राहू नये, असे माझे ठाम मत आहे. 42.195 किलोमीटरची ही शर्यत बराच काळ पश्चिम रेल्वेला समांतर जाते. रस्ते बंद असल्याने टॅक्सी अडकते, लोकल मात्र धावते. म्हणून चर्चगेटहून चालत मरीन ड्राइव्हवर आपला धावपटू पाहावा, मग लोकलने दादर गाठून शिवाजी पार्कच्या बाजूला तोच पुन्हा गाठावा. शर्यतीच्या वाटेतल्या सागरी सेतूवर प्रेक्षकाला पायी जाता येत नाही, तो बेत सोडावा. मार्ग थोडाफार बदलतो. त्या वर्षीचा नकाशा आणि रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद असण्याची वेळ, आधी बघून घ्यावा.

कुणी म्हणेल, एवढी दगदग कशाला, टीव्हीवर सगळे दिसतेच की! टीव्हीवर दिसतात ते आघाडीचे. मागचे पाहायचे तर पेडर रोडला जावे; तिथला चढ परतीच्या वाटेवर, पस्तीसेक किलोमीटरनंतर लागतो. ग्रँट रोड स्थानकापासून तो चालण्याच्या अंतरावर आहे. तिथे पाय ओढत येणाऱ्या हौशी धावपटूंच्या कपाळावर घामाचे मीठ दिसते, आणि छातीवरचे नाव वाचून हाक मारली की थांबलेला माणूस पुन्हा धावू लागतो.